रेघेच्या आत की बाहेर

शालन,

काल तुझ्या पुण्यानुमोदनाला विठ्ठलवाडीला आले होते. पांढऱ्या कापडावर बुद्धाची मूर्ती, बाजूला तुझा फोटो, पुढे मेणबत्त्या. सगळी माणसं डोळे मिटून पंचशील म्हणत होती आणि मी डोळे टक्क उघडे ठेवून तुझ्या फोटोकडे बघत होते. कारण त्या फोटोत तू मोरपंखी साडी नेसली आहेस. ती साडी ठाण्याच्या बाजारात आधी मी हातात घेतली होती. "तुला नाही गं खुलणार हा रंग," असं म्हणून तू मला ती खाली ठेवायला लावलीस आणि पुढच्याच पगाराला स्वतः नेसून आलीस. खुलली होती तुला. फोटोतही खुलते आहे.

तू जाऊन आठवडा होतोय आणि मी साडीवरून जळते आहे, हे कळलं असतं तर तू तोंडाला पदर लावून खुसुखुसु हसली असतीस. आपल्यात हसणं तुझ्याकडे होतं आणि जळणं माझ्याकडे. वाटणीच तशी झाली होती. आता तू नाहीस म्हणून मी एकदम साखर पेरायला लागेन अशी अपेक्षा ठेवू नकोस. काल तिथे सगळे गोडच बोलत होते. शालनताई अशा, शालनताई तशा. त्यातलं निम्मं खरं होतं, म्हणून जास्तच राग येत होता.

आणि रडायचं म्हटलं तर तिथेही माझा नंबर मागे. तुझी आई, तुझे भाऊ, वहिन्या, भाच्या, गल्लीतल्या बायका. मी कोण? कंपनीतली मैत्रीण. कंपनीतल्या मैत्रिणीनं किती रडायचं असतं? मी आपला रुमाल पर्समध्येच ठेवला.

वागळे इस्टेटच्या आपल्या कारखान्यात मी आधी लागले, हे तरी तुला मान्य करावंच लागेल. ब्याऐंशी-त्र्याऐंशी साल असेल. ट्रेसरचं काम. इंजिनियर पेन्सिलीनं नकाशा काढणार, आम्ही तो पारदर्शक कागदावर शाईनं गिरवणार, मग अमोनियाच्या मशीनमधून त्याच्या निळ्या प्रती निघणार आणि दिवसभर आमचे डोळे चुरचुरणार. ड्रॉइंग ऑफिसात खिडकीखाली एकच लांब लाकडी बाक होता आणि त्यावर मी एकटी राणीसारखी बसायची. मग तू आलीस. तेल चापून घातलेली वेणी, कडक इस्त्रीची कॉटनची साडी, आणि बाकाच्या पार टोकाला, अर्धी बाहेर अशी बसलीस.

"सरकू का?" मी विचारलं.

"नको नको. बसते मी इथं. मला सवय आहे."

तुमच्या घरी दोन खोल्यांत नऊ माणसं, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला वाटलं, ही शिष्ट आहे. मी सरकले नाही आणि तू आत आली नाहीस. अर्धी बाहेर बसूनच तू पहिला नकाशा गिरवलास.

रेघ मात्र माझी चांगली होती, शालन. हे मी माझ्या तोंडानं सांगते, कारण सांगणारं आता दुसरं कोणी उरलं नाही. कळव्याच्या खाडीकाठी आम्ही वाढलो, घरात बापापासून आजीपर्यंत सगळ्यांचे हात जाळ्यात. माझ्या बोटांना थरथर माहीतच नव्हती. वळणदार रेघ एका दमात ओढायची आणि शाईचा जोड दिसू द्यायचा नाही, हे मला जमायचं. तुला नाही जमायचं. तू मधेच थांबायचीस, विचार करायचीस, मग पुढे जायचीस, आणि थांबलेल्या जागी शाईचा बारीकसा ठिपका पडायचा. "मंदे, तुझा हात मला दे गं एक दिवस," म्हणायचीस. मला बरं वाटायचं. त्या दिवसांत मी तुझ्यावर जळत नव्हते, जळायचं कारण नव्हतं. तुझ्यावर माया करायला तेव्हा मला काहीच कष्ट पडत नव्हते.

मग नव्वद उलटलं आणि ते मशीन आलं.

पाण्यानं दगड कापणारं मशीन येणार, असं मी घरी सांगितलं तेव्हा आई कोलंबी सोलत होती. ती हसतच सुटली. "काय गो, पान्यान दगर कापतान? मंग आमचे खाडीन एवरं पानी हाय, त्यान आजून पूल कसा नाय कापला?" मशीन आलं, उभं राहिलं, पहिल्यांदा चालू झालं तेव्हा सगळा कारखाना काम टाकून शेडमध्ये जमला होता. एका बाजूला पंप, गाडीच्या टायरात हवा भरतात त्याच्या हजारपटीहून जास्त दाब देणारा. ते पाणी एका माणकाच्या खड्यातून बाहेर पडायचं. खरं माणिक नव्हे, कारखान्यात केलेलं, पण माणिकच, आणि त्याला खसखशीहून बारीक भोक. खाली त्या पाण्यात लालसर वाळू मिसळायची आणि ती धार नोझलमधून सुटायची. चकाकती, सुईसारखी, आणि आवाज असा की कानात कापूस घातल्याशिवाय जवळ उभं राहता येईना. तिच्याखाली बोटभर जाडीचा संगमरवर साबणासारखा कापला गेला. ना ठिणगी, ना धूर, ना दगड तापला.

मला ते मशीन हवं होतं. आयुष्यात मला फार थोड्या गोष्टी इतक्या हव्याशा वाटल्या असतील. नवरा तर मला आई-बापानं बघून दिला. पण त्या धारेकडे बघताना मला वाटलं, पाणी आमचं आहे, माझ्या सात पिढ्या पाण्यावर जगल्या, तर हे पाणी चालवायला मीच बसणार. कळव्यात आमच्या नळाला सकाळी तासभर पाणी आणि या बाईसाहेबांना चोवीस तास, तेही गाळून गाळून काचेसारखं केलेलं. त्याचाही मला हेवा वाटला. मशीनचा हेवा करणारी बाई तू दुसरी बघितली नसशील.

साहेबांनी आपल्या दोघींना केबिनमध्ये बोलावलं. कुठल्याशा हॉलच्या पांढऱ्या फरशीत काळ्या दगडाचं कमळ बसवायचं होतं. कमळाचा पेन्सिलीचा नकाशा पुढे सरकवून साहेब म्हणाले, "दोघींनी गिरवून आणा. कॉम्प्युटरवर आकार चढवायचं, मशीन चालवायचं ट्रेनिंग पुण्याला आहे. एकीला पाठवणार."

आपण बाकावर येऊन बसलो. मी मधे, तू टोकाला. मी पहिली पाकळी ओढली आणि मला एक शंका आली. आपल्या पेनाची रेघ, कितीही बारीक म्हटली तरी तिला जाडी आहे. त्या धारेलाही जाडी आहे. मी तुझ्याकडे वाकून हळूच म्हटलं, "अगं, पण ही धार जाणार कुठून? रेघेच्या आतून की बाहेरून?"

तू "हं," म्हणालीस. फक्त हं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी दोन्ही कागद उजेडाला धरून बघितले. "मंदाचं कमळ सुंदर आलंय," म्हणाले. माझं काळीज उड्या मारायला लागलं. मग त्यांनी सहज विचारलं, "काही शंका?" आणि मी गप्प राहिले. एवढं साधं विचारलं तर म्हणतील हिला काही येत नाही, असं मला वाटलं. आणि तू, जी कधी कुणाच्या पुढेपुढे करत नव्हतीस, ती तू म्हणालीस, "साहेब, रेघेच्या आत कापायचं की बाहेर?"

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तो चष्मा खाली ठेवल्याचा आवाज मला आज इतक्या वर्षांनीही ऐकू येतो.

तू पुण्याला गेलीस. मी काय करणार होते? एखाद्यानं आपलं पेन उचललं तर ओरडून सांगता येतं, माझं पेन दे. प्रश्न उचलला तर काय सांगायचं? "साहेब, हिनं विचारलेला प्रश्न माझा आहे"? मलाच हसले असते सगळे. मी तुला निरोप द्यायला गेटपर्यंत आले, तुझ्या पिशवीत सुक्या बोंबलांची पुडी कोंबली, आणि "नीट शिकून ये," म्हणाले. तू माझ्या डोळ्यांत बघितलं नाहीस. त्यानंतर आपण कितीदा एकत्र डबा खाल्ला, एकमेकींच्या घरी गेलो, माझ्या पोराच्या लग्नात तू तीन दिवस राबलीस. पण त्या प्रश्नाचा विषय ना तू काढलास ना मी.

आणि कापलं मात्र माझंच कमळ, कारण रेघ माझी बरी होती! तो कागद टेबलावर चिकटवून, कॉम्प्युटरला तारेनं जोडलेलं भिंग त्या रेघेवरून चालवून तू तो आकार कॉम्प्युटरात घेतलास. पुढे ते कमळ इतक्या पार्ट्यांना आवडलं की कितीतरी फरशांत गेलं. सगळे त्याला शालनचं कमळ म्हणायचे. तू दर वेळी सांगायचीस, "अहो, रेघ मंदाची आहे." लोक म्हणायचे, "किती साधी आहे बघा शालन." म्हणजे खरं सांगण्याचंही श्रेय तुलाच.

कॉम्प्युटर आले, ट्रेसिंग बंद झालं, मला तपासणीला बसवलं. शेडच्या एका टोकाला तुझं मशीन आणि दुसऱ्या टोकाला माझं टेबल, माझा मापं घ्यायचा व्हर्नियर, माझा रबरी शिक्का. तू ड्रॉइंग ऑफिसातला तो आपला जुना बाक भंगारात जाऊ दिला नाहीस, मशीनपुढे आणून ठेवलास. एवढा लांब बाक, आणि तू बसायचीस टोकालाच. मला ते दुरून दिसायचं आणि वाटायचं, आता कशाला नाटक? आता तर सगळा बाक तुझाच आहे ना? तू कितीदा हाक मारलीस, "मंदे, ये की जरा बसायला." मी आले तरी उभीच राहिले. त्या बाकावर बसले नाही ते नाहीच.

तुझा एकही तुकडा मी डोळे झाकून पास केला नाही, शालन. बाकीच्यांचे मी दहातले दोन तपासायची, तुझे दहाच्या दहा. मला तुझी चूक हवी होती. एक, छोटीशी, माझ्या व्हर्नियरखाली सापडलेली. आणि तू ती मला दिली नाहीस. वर पार्टीला सांगायचीस, "मंदानं शिक्का मारलाय ना? मग बघू नका." मला अभिमानही वाटायचा आणि तळपायाची आगही मस्तकात जायची, दोन्ही एकाच वेळी.

एकदाच काय ती गंमत झाली. खंडेनवमीला सगळ्या मशीनांची पूजा व्हायची. "मी हात जोडणार नाही, पण पुसून चकचकीत करून देते," असं तू साहेबांना स्पष्ट सांगितलं होतंस, आणि तुझ्या मशीनइतकं चकचकीत दुसरं मशीन नसायचं. त्या वर्षी साहेबांच्या डोक्यात आलं की नारळ दगडावर फोडायचा नाही, पाण्यानं कापायचा. नारळ पट्टीत आवळला, धार सोडली, आणि नारळ करवंटीसकट मधोमध असा दुभागला की बायकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी स्वतः खोबऱ्याचे तुकडे वाटले. पहिला घास घेतला आणि सगळ्या कारखान्याच्या तोंडात कचकच झाली. वाळू! तू वाळूची नळी बंद करायला विसरली होतीस. साहेबांना प्रसाद थुंकता येईना आणि गिळवेना. मी तर तोंड धुवायच्या निमित्तानं मोरीत जाऊन डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. बाहेर आले तर तू दारात उभी. "आता झालं का पोटभर?" असं विचारलंस आणि तूही फिसकन हसलीस. तो दिवस मला तुझ्याबरोबरच्या सगळ्या दिवसांत आवडता आहे. पण नारळाला शिक्का मारता येत नाही, म्हणून ती चूक मोजायची राहिली.

आपलं खरं भांडण पाकळीवरून होतं. पांढऱ्या लादीत पाकळीच्या आकाराचं भोक कापायचं आणि काळ्या दगडाची पाकळी त्यात बसवायची. दोन्ही तंतोतंत सारखी कापली तर पाकळी बसत नाही. केसभर जागा लागते. ती जागा कोणी द्यायची? तू म्हणायचीस, पाकळीनं. पाकळी केसभर लहान कापायची. मी म्हणायची, भोकानं. पाकळीचं टोक आधीच नाजूक, ते अजून कशाला झिजवायचं?

"भोक एकदा मोठं झालं की लहान होत नाही, मंदे. पाकळी चुकली तर दुसरी कापता येते."

"म्हणजे आलेल्यानंच अंग चोरायचं? बसलेल्यानं जरा सरकायला काय होतं?"

"बसलेला कधी सरकतो का गं?" तू हसत म्हणाली होतीस. आणि मग तुझं हसू जरा जास्तच वेळ तोंडावर तसंच राहिलं होतं. मी "सरकतो तर! सरकायलाच पाहिजे," म्हणून टेबलावर हात आपटला आणि चहा सांडला. हे भांडण आपण किती वर्षं घातलं, डबा खाताना, चहा पिताना, अगदी माझ्या सासूच्या तेराव्यालासुद्धा. तू ऐकलं नाहीस. तुझी प्रत्येक पाकळी केसभर लहान, मी मोजलेली आहे.

दोन आठवड्यांमागे पुन्हा त्याच कमळाची ऑर्डर आली. तुला ताप होता. "साधा आहे गं, उतरेल," म्हणत तू लादीतली आठही भोकं कापलीस आणि संध्याकाळी जाताना माझ्या टेबलाशी थांबून म्हणालीस, "पाकळ्या उद्या कापते." डोळे तुझे पिवळे दिसत होते. मी म्हटलं, डॉक्टरला दाखव. तू म्हणालीस, "तू आधी भोकं बघ." ते आपलं शेवटचं बोलणं. कामाचं. माझं नशीबच तसं.

दुसऱ्या दिवशी तू आली नाहीस, दवाखान्यात नेल्याचं कळलं. मी भोकं मोजली. पहिलं मोजलं आणि व्हर्नियर पुसून परत मोजलं. मग आठही मोजली. सगळी केसभर मोठी होती.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला आधी काय वाटलं सांगू? आनंद झाला मला. सापडलीस! तशीच उठून दवाखान्यात यावं आणि तुझ्या नाकासमोर व्हर्नियर धरावा असं वाटलं. आणि मग दुसरा विचार आला, की ही चूक नाहीच, ही तू माझ्या पद्धतीनं कापली आहेस. बसलेल्याला सरकवलंस. मग तिसरा विचार आला. नोझल झिजली की धार जाड होते आणि भोक मोठं पडतं. तू रोज सकाळी नोझलमध्ये सुई घालून बघायचीस. तापात राहिलं असेल. म्हटलं, मीच जाऊन नोझल बघते, तर फिटरनं ती आदल्याच संध्याकाळी बदलली होती आणि जुनी भंगारात गेली होती. आता उरली फक्त तू. रविवारी येऊन विचारते म्हटलं. तू रविवारपर्यंत थांबली नाहीस.

काल साहेब बोलायला उभे राहिले. मनापासून बोलत होते, खोटं नव्हतं काही. म्हणाले, "मशीन आलं तेव्हा शालननं मला एकच प्रश्न विचारला होता. रेघेच्या आत कापायचं की बाहेर? त्याच क्षणी मी ठरवलं. तसं बघितलं तर त्या वेळी आमच्याकडे दुसरं कोणी नव्हतंच."

दुसरं कोणी नव्हतंच. मी तिसऱ्या रांगेत बसले होते, शालन, त्यांच्यापासून पाच हातांवर. आणि त्यांना माझा राग नव्हता, मला डावललं असंही नव्हतं. त्यांना आठवतच नव्हतं. मी इतकी वर्षं एका शर्यतीत हरल्याचं दुःख करत होते आणि ती शर्यत झाल्याचंच कुणाच्या गावी नव्हतं. सवयीनं मी मान वळवून तुझ्याकडे बघायला गेले. कारण हे ऐकून ज्या एका माणसाला ठसका लागला असता ते माणूस तू. वळले तर मेणबत्तीमागे तुझा फोटो. मोरपंखी साडीतला.

तेव्हा मी रडले. पहिल्या रांगेतल्यांनी मागे वळून बघितलं इतकी.

जेवणं झाल्यावर तुझ्या आईनं मला आत बोलावलं. खूप थकल्यात गं त्या. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तू मंदा न्हवं? आत-बाहेरवाली?"

मी म्हटलं, "आई, कोण म्हणतं मला असं?"

"कोन म्हननार, शालनच. घरात तुझं नावच ते. म्हनायची, आई, त्या बाईचा एक सवाल मी उसना आनलाय, द्यायचा ऱ्हायलाय. मी म्हनायची, मग दिऊन टाक की. तर म्हनायची, तोंड उघडत न्हाई."

म्हणजे तुझ्या सगळ्या घराला माहीत होतं. आईला, भावांना, कदाचित त्या भाच्यांनाही. आख्ख्या विठ्ठलवाडीला माहीत, मला सोडून! मला एवढं एक वाक्य म्हणाली असतीस तर तुझं काय गेलं असतं? मी काय खाल्लं असतं का तुला? भांडले असते, नक्की भांडले असते, चार दिवस डबा वेगळा खाल्ला असता. मग पाचव्या दिवशी आलेच असते ना. माझ्या वस्तू उसन्या न्यायच्या आणि परत करायच्या आधी निघून जायचं, ही कुठली रीत?

आणि तरी, तुझ्या आईचा हात सुटेना माझ्याच्यानं. इतकी वर्षं मला वाटत होतं की तो प्रश्न माझ्या एकटीच्याच पोटात आहे. तो तुझ्याही होता. मी जळत होते तितकी वर्षं तूही काहीतरी सोसत होतीस, तेवढ्याच जवळ बसून. याबद्दल तुझे आभार मानायचे की तुला शिव्या द्यायच्या, मला अजून ठरवता आलेलं नाही.

आज सकाळी साहेब माझ्या टेबलाशी आले. बाहेरून ऑपरेटर यायला वेळ लागेल आणि पार्टी डोक्यावर बसली आहे, आठ पाकळ्यांसाठी कमळ अडलंय, म्हणाले. मी म्हटलं, "मी कापते." माझ्या टेबलानंच तोंड उघडल्यासारखे ते माझ्याकडे बघत राहिले.

"तुम्हाला येतं?"

"शेडच्या या टोकावरून मी इतकी वर्षं दुसरं काय बघितलं, साहेब?"

फिटरनं पंप चालू करून दिला. मी तुझ्या बाकावर बसले, मधोमध, ऐसपैस. मला वाटलं होतं त्या जागेवर बसले की काहीतरी होईल. काही झालं नाही. बाक जरासा डुगडुगतो, एवढंच कळलं. मी काळा दगड लावला, नोझलमध्ये सुई घालून बघितली, कमळ पडद्यावर आणलं. माझी रेघ, तुझी बोटं तिच्यावरून फिरलेली. आणि मशीन पुढे जाईना. पडद्यावर विचारत राहिलं, रेघेची कुठली बाजू?

मी मागे वळून मोठ्यानं म्हटलं, "शालन, आत की बाहेर?"

फिटरनं कानातला कापूस काढला. "काय म्हणालात मॅडम?"

"काही नाही. तुम्ही कापूस घाला."

मी बाहेरची बाजू दिली. पुरी पाकळी, केसभरही न झिजवलेली. धार सुटली, किंचाळली, आणि बघता बघता पाकळी सुटी झाली. पुसून मी ती लादीपाशी नेली, तुझ्या भोकावर ठेवली. ठोकावी लागली नाही, घासावी लागली नाही. आपली आपण आत गेली आणि बसली. मी बोट फिरवून बघितलं, सांधा लागत नव्हता.

आता सांग, तू मुद्दाम जागा करून ठेवली होतीस की नोझल झिजली होती? उसनं परत केलंस की तापात विसरलीस? मी जिंकले की नाही हेसुद्धा मला कळू दिलं नाहीस, आणि मी जळू नको तर काय करू? इतकं कुणाला हरवून कुणी जातं का, शालन?

अजून सात पाकळ्या आहेत. दुसऱ्या पाकळीचा दगड लावला आणि परत बाकावर येऊन बसले. बसताना जरा सरकून बसले.